‘पासिंग’ कुठली? महाराष्ट्रातील नंबरप्लेटचे बदलते रूप आणि तिच्या संग्रहाचा प्रश्न
(चाळीसगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या रस्त्यावर दिवसभरात सर्वाधिक वेळा वाचला जाणारा मजकूर वृत्तपत्राचा नाही, निवडणुकीच्या फलकाचाही नाही. तो वाहनाच्या पुढे-मागे लावलेल्या नंबरप्लेटचा आहे. निरक्षर मनुष्यही आपल्या गाडीचा क्रमांक आकृतीवरून ओळखतो. तथापि या मजकुराकडे मजकूर म्हणून पाहण्याचा प्रयत्न मराठीत फारसा झालेला दिसत नाही. ट्रकमागील वचने, देवादिकांची चित्रे, ‘हॉर्न ओके प्लीज’सारखी अक्षरे यांच्याविषयी कौतुकाने लिहिले जाते, त्यांच्याच शेजारी असलेली पाटी मात्र प्रशासनाची बाब म्हणून सोडून दिली जाते. ज्यांना या विषयाची हौस आहे ते बहुधा संकेतांकांच्या याद्या पाठ करतात. एमएच ०१ म्हणजे ताडदेव, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच ३१ म्हणजे नागपूर, ही माहिती उपयुक्त असली तरी तिला पाटीचा अभ्यास म्हणता येणार नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या सांगणे म्हणजे ज्ञानेश्वरीचे विवेचन नव्हे, तसाच हा प्रकार होय.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत शासन वाहनाला क्रमांक देत असे, पाटी देत नसे. पाटी मालक करून घेई आणि ती गावचा पेंटर रंगवी. त्यामुळे येथील नंबरप्लेट ही एकाच वेळी शासकीय नोंद आणि स्थानिक हस्तकृती होती. उच्च सुरक्षा नोंदणी पाटीच्या सक्तीने ही दुहेरी अवस्था संपुष्टात येत आहे आणि रंगवलेल्या पाट्यांची अखेरची पिढी सध्या भंगारात जमा होत आहे. संग्रहाचा प्रश्न म्हणूनच आज उपस्थित करणे आवश्यक ठरते.

नकाशा आणि दिनदर्शिका

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या काळात क्रमांकाची रचना तीन रोमन अक्षरे व पुढे जास्तीत जास्त चार आकडे अशी होती. ती अक्षरे कोणत्या कार्यालयाला दिली आहेत हे ज्याला ठाऊक असेल त्यालाच जिल्हा कळत असे. इतरांना ती केवळ अक्षरे होती. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन आकडे, मालिकेची अक्षरे व चार आकडी क्रमांक अशी आजची पद्धत रूढ झाली. एका परीने हा वाचनसुलभतेचा मोठा विजय होता. जिल्हा ही गोष्ट प्रथमच रस्त्यावरच्या सामान्य माणसाला दुरून वाचता येऊ लागली.

या संकेतांकांचा क्रम पाहिला असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. आरंभीचे आकडे वर्णानुक्रमाने दिलेले नाहीत, ते भूगोलानुसार दिलेले आहेत. मुंबईपासून निघून ठाणे, कल्याण, रायगड असे कोकणातून खाली उतरायचे (यात सिंधुदुर्ग ०७ व रत्नागिरी ०८ अशी उलटापालट आहे, ती का झाली असावी याचा तर्क करण्यात अर्थ नाही), मग कोल्हापूर ०९ पासून सांगली, सातारा, पुणे असे वर चढायचे, सोलापूर घ्यायचे, पिंपरी-चिंचवड करून नाशिक विभागात शिरायचे. नाशिक १५, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) १६, श्रीरामपूर १७, धुळे १८, जळगाव १९. विसापासून मराठवाडा, सत्ताविसापासून विदर्भ. म्हणजे १९८९ चा हा क्रम महसूल विभागांच्या वाटेने केलेला राज्याचा एक प्रवासच आहे. नकाशा न पाहताही एमएच १८ आणि एमएच १९ हे शेजारी असणार हे कळते.

छत्तिसाच्या पुढे मात्र हा नकाशा संपतो. वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९, मालेगाव ४१, बारामती ४२, पनवेल ४६, कराड ५०. या आकड्यांत आता शेजार नाही, काळाचा क्रम आहे. जेव्हा कार्यालय झाले तेव्हाचा पुढचा आकडा. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा अठराच्या जवळ असूनही एकोणचाळीस होतो. पहिल्या छत्तीस संकेतांकांना नकाशा म्हटले तर नंतरच्यांना दिनदर्शिका म्हणावे लागेल. संकेतांकांच्या याद्या करणाऱ्यांच्या लक्षात हा फरक सहसा येत नाही, कारण यादीत सगळे आकडे एकाखाली एक सारखेच दिसतात.

सीमेवरचे गाव

चाळीसगाव हे या विषयाच्या दृष्टीने सोयीचे नव्हे, अडचणीचे गाव आहे, आणि म्हणूनच महत्त्वाचे. तालुका जळगाव जिल्ह्याचा. पण त्याच्या सीमा धुळे, नाशिक व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांना भिडतात. जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर दूर, धुळे त्याहून पुष्कळ जवळ. मालेगावची बाजारपेठ एका बाजूला, कन्नडचा घाट चढला की मराठवाडा दुसऱ्या बाजूला. परिणामी येथील रस्त्यावर १९, १८, ४१, १५ आणि २० हे पाचही संकेतांक नित्याचे आहेत. ज्या गावात सगळ्या गाड्या एकाच आकड्याच्या असतात तेथे आकडा दिसेनासा होतो. येथे तो दिसतो.

या दिसण्यातूनच ‘पासिंग’ हा शब्द घडला आहे. मूळ अर्थ वाहन तपासून नोंदणीस योग्य ठरवणे एवढाच. लोकभाषेत मात्र तो गाडीच्या गोत्राचा वाचक झाला. ‘गाडी धुळे पासिंग आहे’, ‘जळगाव पासिंग घे, नाशिकची नको’ असे जुन्या गाड्यांच्या सौद्यात सर्रास म्हटले जाते आणि त्यावर किंमतही ठरते. इंग्रजी क्रियापदापासून आलेला हा शब्द मराठीत आणि अहिराणी बोलणाऱ्यांच्या तोंडी नाम म्हणून इतका स्थिरावला आहे की त्याला पर्यायी शब्द सुचवणे हास्यास्पद ठरेल. परिवहन विभागाच्या कागदपत्रांत ‘नोंदणी’ आहे, रस्त्यावर ‘पासिंग’ आहे, आणि माणूस कुठला हे विचारण्याआधी गाडी कुठल्या पासिंगची हे पाहून घेतले जाते.

खानदेशातून रोजगारासाठी बाहेर पडलेल्यांची वाटही या आकड्यांत वाचता येते. आखाजीला आणि दिवाळीला गावोगावी पार्किंग न उरण्याइतक्या गाड्या येतात. त्यांत सुरतेचा जीजे ०५, पिंपरी-चिंचवडचा एमएच १४, पुण्याचा १२ व नाशिकचा १५ हे आकडे उठून दिसतात. स्थलांतराच्या अभ्यासाला जनगणनेची कोष्टके लागतात हे खरे. पण आखाजीच्या दिवशी गावच्या पारावर बसलेल्या वृद्धाला कोणाचा मुलगा कुठे स्थिरावला हे पाटीवरून समजते.

एसटीच्या बाबतीत मात्र हे वाचन फसते. चाळीसगाव आगाराच्या बसवर एमएच १९ शोधू गेल्यास निराशा होते. महामंडळाच्या बसगाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत होत आली, आणि नोंदणीही त्या त्या ठिकाणची. त्यामुळे जन्मभर चाळीसगाव ते धुळे फेऱ्या मारणारी बस एमएच २० वा एमएच ४० हाच आकडा मिरवते. बसचा क्रमांक तिचे सासर सांगत नाही, माहेर सांगतो. पाटीवरून गाव सांगणाऱ्या सर्व ठोकताळ्यांना हा कायमचा अपवाद आहे.

क्रमांक शासनाचा, पाटी पेंटरची

अमेरिकेतील नंबरप्लेट-संग्राहकांशी तुलना केली असता महाराष्ट्रातील परिस्थितीचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे १९५४ मध्ये ऑटोमोबाइल लायसन्स प्लेट कलेक्टर्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि एकेका राज्याच्या सर्व वर्षांच्या पाट्या जमवणे हा सर्वमान्य छंद बनला. यामागे हौसेइतकेच एक प्रशासकीय कारण आहे. मॅसॅच्युसेट्सने १९०३ मध्ये स्वतः पाट्या देण्यास आरंभ केल्यापासून तेथे पाटी ही राज्याने घडवून दिलेली वस्तू राहिली. पुष्कळ ठिकाणी ती तुरुंगातील कारखान्यांत तयार होते. ती ठरावीक काळाने बदलली जाते आणि बदलताना राज्य तिच्यावर आपली जाहिरातही करते. आयडाहो राज्याने १९२८ साली पाटीवर चक्क बटाटा काढला. जुनी पाटी कालबाह्य झाली की ती मोकळी होते, गॅरेजच्या भिंतीवर जाते, तेथून संग्राहकाकडे.

महाराष्ट्रात क्रमांक वाहनाला एकदा मिळाला की ते वाहन राज्यात आहे तोवर तोच राहतो. मालक बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. पाटी गंजली, वाकली तर मालक नवी करून घेई, जुनी फेकून देई. जपावी असे तिच्यात कोणाला काही वाटत नसे, कारण शासनाच्या दृष्टीने ती वस्तू नव्हतीच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ५० व ५१ पाटीचे रंग, अक्षरांची उंची, जाडी आणि अंतर सांगतात. मोटारीसाठी अक्षर व आकडा ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड, दोहोंमधले अंतर १० मिलिमीटर. दुचाकीच्या मागील पाटीवर अक्षरे ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर. अक्षरे रोमन, आकडे इंग्रजी. शासनाचे काम येथे संपत असे. उरलेले सारे, म्हणजे अक्षराचे वळण, कडेची रेघ, कोपऱ्यातली नक्षी, ‘आईचा आशीर्वाद’ किंवा कुलस्वामिनीचे नाव, हे पेंटरचे क्षेत्र होते.

तेव्हा ‘महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे डिझाइन’ असे म्हणताना सावध राहणे इष्ट आहे. आयडाहोची १९२८ ची पाटी म्हणजे एक निश्चित वस्तू होय. महाराष्ट्राची १९९५ ची पाटी म्हणजे हजारो पेंटरांनी एका नियमाचे केलेले हजारो अर्थ होत. येथील संग्राहकाला वर्षवार मालिका पूर्ण करता येणार नाही. त्याला नाटकाची संहिता जमवायची नाही, प्रयोग जमवायचे आहेत.

या प्रयोगांतही टप्पे पडतात. पहिला टप्पा ब्रशचा. खासगी वाहनांवर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तर वेगळी पाटी नसेच. मागच्या फळीवर थेट ऑइलपेंटने क्रमांक घातला जाई आणि तो ओला असताना कपाशीच्या गाठी भरल्या तर पुसटही होई. २००१ मधील दुरुस्तीनंतर खासगी वाहनांची पाटी पांढरी व अक्षरे काळी झाली, व्यावसायिक वाहनांसाठी पिवळ्यावर काळी अक्षरे आली. काळ्यावर पांढरे काढताना पेंटरला रंगाचे दोन हात द्यावे लागत, अक्षराला किंचित फुगीरपणा येई. पांढऱ्यावर काळे एका हातात बसते, आणि अक्षर सडपातळ झाले. रंगबदलाचा हा परिणाम नियमात कुठे लिहिलेला नाही. तो हाताने घडवला.

दुसरा टप्पा रेडियमचा. बसस्थानकाबाहेर, गॅरेजच्या ओळीत ‘रेडियम’ अशी पाटी लावलेली दुकाने आली आणि ब्रशची जागा चिकटपट्टी कापणाऱ्या यंत्राने घेतली. पूर्वीच्या पेंटरांपैकी काहींनी यंत्र घेतले, पुष्कळांनी घेतले नाही. या टप्प्यात अक्षरे संगणकातल्या तयार टंकांची झाली. तिरपी, टोकदार, इंग्रजी चित्रपटांच्या जाहिरातींसारखी. कौशल्य ब्रशमधून निवडीकडे सरकले. रेडियमच्या पाट्यांना कमअस्सल समजण्याची प्रवृत्ती आढळते, पण तिला फारसा आधार नाही. मालकाची हौस आणि दुकानदाराची मर्यादा यांची तडजोड ब्रशच्या काळातही होती, रेडियमच्या काळातही होती.

चाराचा द आणि चाराचा म

या दोन टप्प्यांतील सर्वांत चर्चित प्रकार म्हणजे आकड्यांतून देवनागरी शब्द काढणे. इंग्रजी चार थोडा वळवला, वर शिरोरेघ दिली की द होतो. एकाचा काना होतो. त्यामुळे चार-एक-चार-एक हा क्रमांक ‘दादा’ म्हणून वाचला जातो. दोन-एक-चार याचा ‘राम’ होतो. येथे एक मौज आहे. ‘दादा’मध्ये जो चार द होता तोच ‘राम’मध्ये म होतो. आकडा तोच, अक्षर मात्र पेंटर ठरवतो आणि वाचकही कुरकुर न करता ते मान्य करतो. दुसरीकडे आठ-शून्य-पाच-पाच यातून इंग्रजी ‘बॉस’ निघतो, म्हणजे एकाच गावात दोन लिप्यांचे दोन विनोद शेजारी उभे राहतात. सक्तीने इंग्रजी केलेल्या पाटीत देवनागरीचा हा चोरटा प्रवेश आहे आणि भाषिक दृष्ट्या तो निश्चितच चतुर आहे.

तथापि याला ‘लोकप्रतिभेचा आविष्कार’ म्हणून डोक्यावर घेण्यापूर्वी शब्द कोणते निघतात हे पाहणे अगत्याचे आहे. दादा, बॉस, मामा, आडनावे, पुढाऱ्यांची नावे. ‘आई’ किंवा ‘ताई’ काढण्याचा खटाटोप क्वचित दिसतो. ही कला मुख्यत्वे पुरुषी मिजाशीची आहे. अनेकदा तिचा हेतू वाचला जाण्याचा नसून न वाचला जाण्याचा आहे. क्रमांक अक्षरात विरघळला की धडक देऊन पळालेल्या गाडीचा क्रमांक सांगणाऱ्या साक्षीदाराला ‘दादा लिहिलं होतं’ एवढेच सांगता येते. रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्याच्या बाजूने विचार केला तर या चातुर्याची किंमत निराळी दिसते. रस्त्यावरील अक्षरकलेचे रसग्रहण करणारे ही बाजू सहसा वगळतात.

शासनाने या मिजाशीला विरोध केला आणि तिच्यापासून उत्पन्नही मिळवले, हेही नोंदवणे भाग आहे. पाटीवरील वेडीवाकडी अक्षरे, नावे व चित्रे नियमबाह्य, दंडास पात्र. परंतु पसंतीचा क्रमांक शुल्क भरून मिळतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात चारचाकीसाठी ०००१ या क्रमांकाचे मूळ शुल्क ३ लाख रुपयांवरून ५ लाख रुपये करण्यात आले. ‘दादा’ काढणे हा गुन्हा, ‘दादा’ निघेल असा क्रमांक विकत घेणे हा महसूल. यात विसंगती आहे असे म्हणावे तर ती केवळ कायद्याची नाही. ज्या समाजात क्रमांकाच्या आकड्यांची बेरीज नऊ यावी म्हणून मुहूर्तासारखी वाट पाहिली जाते, तेथे क्रमांक ही निव्वळ ओळख कधीच नव्हती.

उच्च सुरक्षा आणि एकरूपता

उच्च सुरक्षा नोंदणी पाटीची अधिसूचना २८ मार्च २००१ ची आहे. ती प्रत्यक्षात येण्यास लागलेला काळ भारतीय प्रशासनाच्या अभ्यासकांसाठी स्वतंत्र विषय ठरावा. निविदांच्या अटींवरील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००४ मध्ये त्याचा निकाल लागला. पुढे मनिंदरजीत सिंग बिट्टा यांच्या याचिकेवर न्यायालयाने राज्यांना पुनःपुन्हा निर्देश दिले. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ही पाटी निर्मात्याकडूनच बसून येऊ लागली. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांसाठी राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना काम देण्यात आले. दुचाकी व ट्रॅक्टरसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि इतर वाहनांसाठी ७४५ रुपये असे करवगळता दर ठरले. ३१ मार्च २०२५ ही मुदत होती, ती नंतर अनेकदा वाढवावी लागली.

वस्तू म्हणून ही पाटी अशी आहे : एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, प्रकाश परावर्तित करणारा थर, वरच्या डाव्या कोपऱ्यात २० मिलिमीटर चौरसाचे अशोकचक्राचे होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरे, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक, आणि एकदा बसवल्यावर मोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. उठावाच्या अक्षरांवर ४५ अंशांच्या कोनात ‘इंडिया’ हा शब्द बारीक ठशात छापलेला असतो. युरोपीय संघाच्या पाट्यांवर १९९८ पासून आलेली निळी पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या रचनेचा मूळ धडा ओळखता येईल.

चोरीची वाहने, बनावट क्रमांक, घातपात या प्रश्नांवर ही पाटी उपाय म्हणून आली आणि त्या प्रश्नांचे गांभीर्य नाकारण्याचे कारण नाही. तिची अक्षरे रात्रीही वाचता येतात हा लाभ तर उघड आहे. आक्षेप असेल तर तो वाचक बदलल्याचा आहे. जुनी पाटी माणसाने वाचावी म्हणून रंगवलेली होती. ही पाटी कॅमेऱ्याने वाचावी म्हणून घडवलेली आहे. तिच्यातील प्रत्येक अक्षरात देशाचे नाव आहे, राज्याचे पूर्ण नाव कुठेही नाही, मराठीचे एक अक्षर नाही आणि पेंटरला शिरकाव करता येईल अशी एक मिलिमीटर जागा नाही. अमेरिकी राज्यांनी पाटीला आपल्या अभिमानाचा फलक केले. येथे तो अभिमान पेंटर व मालक परस्पर मिरवत होते, त्यामुळे राज्याला स्वतः काही सुचवण्याची गरज पडली नाही; आणि आता ज्या वेळी पाटी प्रथमच खऱ्या अर्थाने शासनाची झाली, त्या वेळी शासनाजवळ तिच्यावर सांगण्यासारखे काही उरलेले दिसत नाही. सह्याद्री नाही, कापूस नाही, केळीचा घड नाही.

चाळीसगावच्या वाट्याला यातला एक विलक्षण योग आला आहे. चालू दशकात येथे स्वतंत्र उपप्रादेशिक परिवहन कार्यालय होऊन एमएच ५२ हा संकेतांक मिळाला. जिल्ह्यातील भडगावला एमएच ५४ मिळाला. तीन दशकांहून अधिक काळ जळगावच्या आकड्याखाली वावरलेल्या गावाला स्वतःचा आकडा लाभला, आणि गावाच्या कडेने जाणारा धुळे–सोलापूर महामार्गही, जो पूर्वी २११ होता, नव्या क्रमवारीत ५२ च आहे. परवान्यासाठी व पासिंगसाठी जळगावची वारी टळली हा व्यावहारिक लाभ निर्विवाद आहे. परंतु गावाचा आकडा आला तो पाटीवरून गावचा हात नाहीसा झाल्यानंतर. एमएच ५२ ची खासगी गाडी कधीही चाळीसगावच्या पेंटरने रंगवलेल्या पाटीनिशी रस्त्यावर येणार नाही. एमएच १९ ची हजारो जुनी वाहने मात्र आपला क्रमांक घेऊन येथेच फिरत राहतील. त्यामुळे पुढील पंधरा-वीस वर्षे येथील रस्त्यावर १९ हा जिल्ह्याचा आकडा न राहता वयाचा आकडा होईल. नकाशा आणि दिनदर्शिका यांविषयी वर जे म्हटले त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

२०२१ मध्ये आलेल्या बीएच मालिकेने तर गावच वगळले. बदलीच्या नोकरीतील लोकांसाठी ती सोयीची आहे. तिच्यात वर्षाचे दोन आकडे आरंभी येतात आणि स्थळ येतच नाही. अशा गाडीला ‘कुठली पासिंग?’ हा प्रश्न विचारताच येत नाही.

संग्रह कशाचा?

संग्राहकवृत्ती चाळीसगावला परकी नाही. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात अनेक दशके जवळजवळ स्वतःला कोंडून घेतले आणि टेबल-टॉप छायाचित्रणाबरोबरच जुन्या वस्तूंचा मोठा संग्रह उभा केला. ते घर आज कलादालन म्हणून पाहता येते. नवी क्रमांकपद्धती सुरू झाली त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, हा केवळ योगायोग. त्यांच्या संग्रहातून घेण्याजोगा धडा असा की, क्षुल्लक वस्तू जवळ आणून मांडली आणि तिच्यावर नीट प्रकाश टाकला की ती क्षुल्लक राहत नाही. नंबरप्लेटबाबत असे कोणी केलेले नाही. वस्तुसंग्रहालयांत नाणी आहेत, ताम्रपट आहेत, शस्त्रे आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत सार्वत्रिक लेख मात्र किलोच्या भावाने जात आहे.

पण केवळ पत्रे गोळा केल्याने हे काम होणार नाही. पेंटरचे नाव, दुकानाची जागा, साधारण वर्ष, वाहनाचा प्रकार आणि ती पाटी का बदलली याची नोंद नसेल, तर भिंतीवर टांगलेल्या शंभर पाट्या शोभेच्या ठरतील. ब्रश धरलेली माणसे अद्याप गावोगावी हयात आहेत. त्यांनी अक्षराचे वळण कोणाकडून घेतले, दर काय होता, पोलिसांनी आक्षेप घेतल्यावर काय केले, हे त्यांच्याकडूनच कळू शकते. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व वाणिज्य या तिन्ही विभागांना विद्यार्थ्यांकडून करून घेता येण्याजोगे हे क्षेत्रकार्य आहे, आणि त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष पाट्यांपेक्षा अधिक समृद्ध साधन घरोघरच्या अल्बममध्ये आहे. नवी मोटारसायकल, नवा ट्रॅक्टर घरी आला की त्याची पूजा होते, पाटीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, हँडलला हार पडतो आणि सारे कुटुंब गाडीभोवती उभे राहून छायाचित्र काढते. या छायाचित्रांत पाटी हमखास असते, बहुधा मध्यभागी. तीन अक्षरी जुने क्रमांक, काळ्या पाट्या, नंबर येईपर्यंत रंगवलेले ‘अप्लाइड फॉर’, रेडियमची पहिली चमक हे सारे तारखेसह येथे सापडू शकते. घरात गाडी आली त्या दिवशी कोण पुढे उभे होते आणि कोण दारातून पाहत होते, हेही त्यातच आहे.

या साधनाचा वापर करताना एक बंधन पाळावे लागेल. क्रमांकावरून मालकापर्यंत पोहोचणे आता अवघड राहिलेले नाही. चालू वाहनाच्या पाटीचे छायाचित्र प्रसिद्ध करताना शेवटचे चार आकडे झाकणे आवश्यक आहे. आणि ‘दादा’ काढलेल्या पाटीच्या बाबतीत तेच चार आकडे अभ्यासाचा विषय असल्याने ते झाकले तर हाती काहीच उरत नाही. अशा पाट्या वाहन भंगारात निघून नोंदणी रद्द झाल्यानंतरच दाखवाव्यात, तोवर त्यांची रेखाटने करावीत, हा मार्ग त्यातल्या त्यात बरा. रेडियमच्या दुकानांतून काम अधिक सोपे होईल. तेथील यंत्रांना जोडलेल्या जुन्या संगणकांत कापलेल्या अक्षरांच्या फाइली पडून असण्याची शक्यता आहे. ही दुकाने आता मोबाइलची आवरणे आणि लग्नाच्या गाडीवरची नावे कापण्याकडे वळत आहेत आणि संगणक बदलताना त्या फाइली मागे ठेवण्याचे त्यांना काही कारण नाही.